भिंगरीनं फोनवर दाखवलेलं शहर

माणसाला टोपणनाव द्यावं तर जरा विचार करून द्यावं. त्या पोरीला तिच्या ताईनं पाळण्यातच 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली आणि पोरगी जन्मभर भिंगरीसारखीच वागली, यात तिचा काय दोष? एका जागी बसून तिनं कधी जेवण संपवलं नाही. वास्तुकलेच्या परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून बाहेर आली ती पाठीवर बोचकं मारून निघालीच, आणि मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या खाटेवर झोपत गावोगाव हिंडली. ठरल्याप्रमाणे एव्हाना ती घरी असायला हवी होती. पण जाता जाता हे एक जुनं शहर तिनं शेवटी जोडलं. ज्याच्या कमानी वहीत काढून काढून बोटं दुखली होती तो दगडी पूल इथं होता, आणि तो न बघता परत जायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं झालं असतं.

घरी ताईचे दिवस भरत आले होते. तारीख अजून लांब आहे, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. आणि भिंगरीनं ताईला शब्द दिला होता की त्या दिवशी आकाश कोसळलं तरी मी खोलीत तुझ्याजवळ असेन. हा शब्द ताईनं मागून घेतला होता. एरवी ताई कुणाकडे चमचाभर साखर मागायची नाही, पण हे तिनं मागितलं, कारण त्यांची आई भिंगरीच्या जन्माच्या वेळीच गेली होती. दवाखान्यात चालत गेली आणि परत आलीच नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी त्याबद्दल तोंड उघडत नव्हतं. बाबा तर तेव्हापासून कुठल्याही दवाखान्याच्या फाटकापर्यंतच जायचे. आत कुणाला सोडायचं असेल तर स्कूटर फाटकाशी लावून तिथंच उभे राहायचे.

सकाळी भिंगरी प्रवाशांच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर, लांबलचक टेबलाशी उभ्याउभ्याच पाव चावत होती, तेव्हा भावजींचा फोन आला.

"सुरू झालं," भावजी म्हणाले.

"काय सुरू झालं?"

"कळा. पहाटेपासून. दवाखान्यात आणलंय." मग "तारखेच्या आधीच झालं," असं, जणू त्यांच्याच मोजणीत चूक निघाल्यासारखं म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

भावजी जमिनीची मोजणी करणारे. दिवसभर उन्हात दुर्बिणीला डोळा लावून उभं राहायचं, आणि लांब काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला हातानं खुणा करायच्या, इकडे सरक, तिकडे सरक. त्यामुळे बोलणं ही गोष्ट त्यांना फारशी कधी लागलीच नाही. घरात त्यांना मौनीबाबा म्हणत, अर्थात पाठीमागे. ताईनं या माणसात काय बघितलं हे भिंगरीला लग्नाच्या दिवशी कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नव्हतं. जेवायला बसले की मीठ हवं असेल तरी नुसते मिठाकडे बघत बसायचे.

असो. तर भिंगरी पाव तसाच टाकून खोलीत पळाली, कपडे बोचक्यात कोंबले, एक मोजा खाटेखाली राहिला तो राहिला, आणि स्टेशन गाठलं. खिडकीतल्या माणसानं शांतपणे सांगितलं की तुमच्या गावाकडे गाडी एकच, संध्याकाळची. ती म्हणाली, घरी बाळंतपण आहे. तो म्हणाला, गाडीला ते सांगून उपयोग नाही. बसच्या आगारात गेली तर दुपारची बस भरलेली. मी खाली बसून येते, उभी येते, टपावर बसून येते, असं सगळं म्हणून झालं. वाहकानं मान हलवली आणि दार लावून घेतलं. म्हणजे आता संध्याकाळची गाडी, रात्रभर प्रवास, आणि सकाळी घर. वरातीमागून घोडं म्हणतात ते दुसरं काय असतं? आगाराच्या आवारात बोचक्यावर बसून ती रडायच्या बेतात होती, तेवढ्यात फोन वाजला. या वेळी ताई होती.

"तिकीट मिळालं नाही ना?" ताई म्हणाली. "मिळणार नाहीच. मी बघितलं इथून. आता ऐक, रडायचं नाही. अजून बराच वेळ आहे म्हणतात. दुखतं, थांबतं, दुखतं, थांबतं, असं चाललंय. नुसतं छताकडे बघून मला वेड लागेल. तू आहेस ना तिथं? मग मला शहर दाखव."

भिंगरी म्हणाली, थांब, कॅमेरा लावते. तर कॅमेऱ्याला नर्सबाईंची सक्त मनाई होती, आणि ताईलाही तो नको होता. पडद्यावर काही हललं की तिला मळमळायचं. नुसतं बोलून दाखव म्हणाली. भिंगरी लहान असताना सुई टोचायची वेळ आली की ताईच तिचं तोंड खिडकीकडे वळवायची आणि म्हणायची, सांग बघू बाहेर काय काय चाललंय. सांगता सांगता सुई टोचून व्हायची. तेच आता उलट करायचं होतं, आणि त्याला ताईच्या लेखी काही चर्चेची गरज नव्हती.

चर्चा तिच्या स्वभावातच नव्हती. ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर सांगत राहायचं, आरसा बघ, हळू घे, आता डावीकडे. गावातले तेच चार रस्ते ती रोज फिरते, दुसऱ्यांच्या हातानं. त्यामुळे खाटेवर पडल्या पडल्या, कानाला फोन लावून तिनं भिंगरीलाही हाकायला घेतलं, तर त्यात नवल काय? उंटावरून शेळ्या हाकणं तिला सवयीचंच होतं.

आधी पुलाकडे जा, ताईनं फर्मावलं. तो तुझा पूल, ज्याच्यासाठी राहिलीस. ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही, सरळच म्हणाली, आणि म्हणूनच भिंगरीला ते जास्त लागलं. ती बोचक्यासकट तरातरा निघाली. पूल खरंच देखणा होता. काळसर दगड, खाली हिरवं संथ पाणी, आणि प्रत्येक खांबाला प्रवाहाच्या बाजूनं होडीसारखं टोक काढलेलं. भिंगरीनं सुरू केलं की ताई, इथं एकूण कमानी अशा आहेत, मधल्या कमानीचा गाळा बाजूच्यांपेक्षा मोठा, आणि भार कसा जातो तर—

"भार गेला खड्ड्यात," ताई म्हणाली. "पुलावर कोण कोण आहे ते सांग."

मग भिंगरीनं कमानी सोडल्या आणि माणसं बघायला लागली. एक नवरा-नवरी फोटो काढून घ्यायला आले होते. नवरीच्या बुटाची टाच दोन दगडांच्या फटीत अडकली होती आणि नवरा गुडघ्यावर बसून ती ओढत होता. फोटोवाला त्याचेच फोटो काढत होता. एका म्हाताऱ्याचा कुत्रा पुलाच्या मधोमध बसला होता आणि काही केल्या उठायला तयार नव्हता, तेव्हा म्हातारा त्याला समजावत होता की घरी तुझी आवडती उशी आहे. ताईला हे फार आवडलं. कुत्रा कसला, टाच निघाली का, नवरीनं काय तोंड केलं, असं तिनं खोदून खोदून विचारलं. आणि मग मधेच ती "बोल," एवढंच म्हणाली, आणि पुढे नुसता श्वास ऐकू यायला लागला, दातांमधून ओढलेला.

भिंगरी बोलत सुटली. पलीकडच्या काठावर घरं आहेत, एक पिवळं, त्याच्या शेजारी एक गुलाबी, त्याच्या खिडकीत कुणीतरी गादी वाळत घातलीय, त्या गादीवर मांजर आहे. मांजर कुठलं आलंय, मांजर नव्हतंच, पण एक घुसडून दिलं. श्वास हळूहळू साधा झाला तेव्हा ताई म्हणाली, हं, थांबलं आता. पुढे चल.

असं मग चालू झालं. कळ थांबली की ताईचे प्रश्न, कळ आली की भिंगरीची बडबड. उभं राहणं तिला जमेना. पाय थांबले की डोक्यात नको नको ते यायचं, म्हणून ती चालत राहिली, गल्लीतून गल्लीत, चौकातून चौकात. जुन्या बाजारात तिनं ताईला कुलपांचं दुकान दाखवलं, झाडूंचं दुकान दाखवलं, आणि एका दारापाशी दोन बायका एकाच छत्रीवरून भांडत होत्या ते दाखवलं. फोनची बॅटरी उतरायला लागली तशी चार्जिंगची वीट बोचक्यातून काढून वायरीनं जोडली, आणि ती वीट एका हातात, फोन दुसऱ्या हातात, अशी ती घामाघूम होऊन फिरत होती. बघणाऱ्याला वाटलं असेल, या पोरीच्या मागं कोणी लागलंय की काय. मधेच बाबांचा मेसेज आला, काही खाल्लंस का. ते फाटकापाशी उभे होते.

ताई म्हणाली, आता मला एखादा राजवाडा दाखव, उन्हात फिरून कंटाळा आला. खाटेवर पडलेल्या बाईला ऊन लागायला लागलं होतं, आता बोला. राजवाड्याचं संग्रहालय केलेलं होतं. भिंगरी आत शिरली, आणि राणीच्या शयनगृहाच्या दोरीपाशी उभी राहून पलंग किती उंच आहे, त्यावर चढायला केवढी पायरी ठेवलीय, हे सांगत होती तेवढ्यात खांद्यावर बोट टेकलं. खुर्चीवर बसून असणारी पहारेकरीण उठून आली होती. इथं फोनवर बोलायचं नाही, बाई. भिंगरीनं फोन छातीशी धरून कुजबुजत सांगितलं की बहीण बाळंत होतेय, मी तिला हे दाखवतेय.

पहारेकरणीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "कितवं?"

"पहिलं."

"मग वेळ आहे," पहारेकरीण म्हणाली, आणि दंडाला धरून तिला बाहेरच्या अंगणात आणून सोडलं. नियम म्हणजे नियम. ताईला हे सगळं ऐकू गेलं होतं. ती इतकी हसली की तिकडे नर्सबाई धावत आल्या. भिंगरीलाही हसू आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला वाटलं की होईल, सगळं नीट होईल, उगाच आपण जीव टांगणीला लावून घेतलाय.

दुपार कलली तसं ते हसू ओसरलं. कळा जवळजवळ यायला लागल्या आणि ताईचे प्रश्न कमी झाले. शहराभोवती जुना तट होता आणि त्यावरून चालायला वाट होती. ताई म्हणाली, उंचावर जा, मला वरून दाखव. भिंगरी दगडी पायऱ्या चढून तटावर गेली. खाली एका बाजूला लाल कौलं, दुसऱ्या बाजूला नदी. छपरांवरच्या पाण्याच्या टाक्या तिनं सांगितल्या, दोरीवरचे शर्ट सांगितले, एका गच्चीवर एक माणूस एकटाच बुद्धिबळ खेळत होता तो सांगितला. ताई नुसतं हं म्हणायची. मग हंसुद्धा येईना. भिंगरीनं विचारलं, ताई, आहेस ना?

"आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता, गाडीतला नव्हता. "तुला एक सांगू? आई आत गेली तेव्हा मला बाहेर बाकावर बसवलं होतं. माणसं येत होती, जात होती, माझ्या डोक्यावर हात ठेवत होती. पण बोलत कुणी नव्हतं. मी काही विचारलं की सगळी भिंतीकडे बघायची. मग तुला आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि तेव्हाही कुणी काही बोललं नाही. मला जे कळलं ना भिंगरे, ते त्यांच्या गप्प बसण्यावरून कळलं. म्हणून तू बोलत राहा. खोटं बोल, काय वाटेल ते बोल, पण गप्प बसू नकोस."

इतक्या वर्षांत ताई हे एकदाही बोलली नव्हती. भिंगरी तटाच्या पलीकडे काय आहे ते सांगायला लागली. तेवढ्यात तिकडे गडबड ऐकू आली. डॉक्टरीणबाईंचा आवाज होता. बाळाचे ठोके मंदावतायत, आता वाट बघायला नको, ऑपरेशन करू. कुणीतरी म्हणालं, फोन द्या इकडे. ताई कुणाला तरी म्हणाली, फोन बंद करू नका. मग खाटेची चाकं वाजली, खरखर झाली, दार आपटलं, आणि पुढे काही नाही.

भिंगरीनं फोनकडे बघितलं. तो चालूच होता.

आता ऐकणारं कोण आहे, आहे की नाही, हेच तिला माहीत नव्हतं. फोन खाटेवर असेल, खिडकीत असेल, कुणाच्या तरी खिशात असेल. पण बोल म्हणून सांगितलं होतं, तर बोलायचं. ती तटावरून चालत राहिली आणि बोलत राहिली. पोपडे निघालेली भिंत सांगितली, कठड्यावर कोरलेली नावं सांगितली, वाटेत आडवी बसून चित्र काढणारी एक मुलगी सांगितली. सांगण्यासारखं होतं ते संपलं. मग ती आपल्या मनातलंच बोलायला लागली, कारण डोळ्यांना दिसणारं सगळं देऊन झालं होतं.

"ताई, मी त्या पुलासाठी राहिले गं," ती म्हणाली. "मला वाटलं, आहेत की दिवस. तू माझं एवढं केलंस, वेण्या घातल्यास, डबे दिलेस, माझ्यासाठी सहलीला गेली नाहीस, कॉलेज सोडून गाड्या शिकवायला लागलीस, आणि तू आयुष्यात एकच मागितलंस तर मी पूल बघत बसले. काही एवढा नाहीये तो पूल. पुस्तकात बरा दिसतो, बाकी काही नाही. मला तू हवी आहेस. तुझ्याशिवाय मला कुणी नाही, तुला माहितेय ना?"

फोनमधून कुणीतरी घसा साफ केला.

"पूल चांगला आहे," भावजी म्हणाले. "मघाशी तू सांगितलास तेव्हा चांगला वाटला."

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. मग तिचा असा काही भडका उडाला की चित्र काढणाऱ्या मुलीनं मान वळवून बघितलं. तुम्ही कधीपासून ऐकताय, असं तिनं विचारलं. सकाळी खाटेपाशी बसून ऐकू येत होतं, आणि आत नेलं तेव्हापासून फोन माझ्याकडेच आहे, ते म्हणाले. फोन बंद करू नका म्हणाली होती, म्हणून केला नाही. मग तोंडातून एक अक्षर काढायला काय झालं होतं? माणूस इथं तळमळतोय आणि तुम्ही आपली मिठाची गुळणी धरून बसलाय?

"तू बोलत होतीस," भावजी म्हणाले. "बरं वाटत होतं."

"आणि आहात कुठे तुम्ही?"

"बाहेर. बाकावर." मग ते म्हणाले, "थांबू नकोस. मला फार भीती वाटतेय."

इतका मोठा माणूस, सहा फुटी, उन्हानं रापलेला, आणि त्यानं हे सरळ सांगून टाकलं. भिंगरीचा राग कुठल्या कुठे गेला. बाकावर बसलेल्या माणसाशी बोलायला हवं, एवढं तिला आता कळत होतं, कारण ताईनं आत्ताच तिला ते सांगितलं होतं. ती पुन्हा चालायला लागली आणि भावजींना तट दाखवू लागली. त्यांना कशात गोडी आहे ते तिला ठाऊक होतं, म्हणून तट कुठे वळतो, कुठे खचलाय, बुरुज एकमेकांपासून किती लांब आहेत, असं सांगत गेली. ते मधे मधे विचारत, जमीन उतरती आहे का, पाणी कुठल्या बाजूला जातं. एकदा तर म्हणाले की हा तट मोजताना वेड लागेल. लग्नापासून आजपर्यंत दोघं मिळून इतकं बोलली नव्हती.

"थांब," भावजी एकदम म्हणाले. "दार उघडलं."

मग ते गप्प झाले. पावलं वाजली, एका बाईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. नंतर काहीच नाही. भिंगरीनं हाक मारली, भावजी. उत्तर नाही. ती पुन्हा म्हणाली, भावजी.

"बोला हो," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते, गप्प बसू नका."

"बाळ आणलंय बाहेर," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा होता. "मुलगी आहे. माझ्या हातात दिलीय."

"आणि ताई?"

"बाळच आणलंय फक्त. विचारलं मी. नर्स थांबा म्हणाली, आणि आत गेली."

आई आत गेली होती तेव्हाही आधी बाळच बाहेर आलं होतं, आणि ते बाळ आता तटावर उभं होतं. भिंगरीनं कठडा धरला. तिकडे भावजींचा आवाज पुन्हा बंद झाला होता. तो माणूस बाकावर लेकीला घेऊन दाराकडे बघत बसला असणार, मिठाकडे बघायचा तसा, हे तिला इथून दिसत होतं. दोघांपैकी एकानं तरी काहीतरी करायला हवं होतं.

"भावजी, दाराकडे बघू नका," ती म्हणाली. "तिच्याकडे बघा. ती कशी आहे ते मला सांगा."

"मला नाही येत असं सांगता."

"जमिनीचं सांगता तसं सांगा."

भावजींनी खाकरून सुरुवात केली, कचेरीत सांगतात तशी.

"उत्तरेला केस. काळे, भरपूर. पूर्वेचा कान सरळ आहे. पश्चिमेचा दुमडलेला आहे थोडा. दक्षिणेला पाय, पण गुंडाळलेत, मोजता येत नाहीत. मधे नाक आहे. लहान." इथं त्यांना थांबावं लागलं. "कपाळावर रेघ आहे एक, रागावल्यासारखी. तुझ्या ताईची असते ती. रंग लाल. हात बाहेर काढलाय एक. माझं बोट धरलंय. सोडत नाहीये."

"पुढे," भिंगरी म्हणाली. तिचे गाल भिजले होते, तिनं ते पुसलेही नाहीत.

"डोळे मिटलेत. तोंड उघडतेय आता. रडणार बहुतेक."

आणि ती रडली. ते रडणं फोनमधून तटावर आलं, बारीक आणि चिरकं, आणि त्या रडण्याआड पुन्हा दार वाजलं. भावजी म्हणाले, दार. मग म्हणाले, चाकाची खाट आहे. मग ते उठले असावेत, कारण फोनमध्ये नुसता कपड्यांचा आवाज यायला लागला. भिंगरीला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"तिचे डोळे उघडे आहेत," भावजी म्हणाले. "ऐकतेस का? डोळे उघडे आहेत. माझ्याकडे बघतेय. पांढरी पडलीय, पण बघतेय."

ऐकत होती. पण दिवसभर चाललेल्या त्या तोंडातून आता एक शब्द फुटेना. हो म्हणायला गेली तर नुसता वारा बाहेर आला. दोन्ही हातांनी फोन धरून ती तटाच्या दगडावर खाली बसली, आणि तेवढ्यात लांबून ताईचा आवाज आला, थकलेला, जड जिभेचा, पण गाडीतलाच.

"ती गप्प का बसलीय? बोल म्हणावं तिला. काय दिसतंय विचारा."

भावजींनी फोन ताईच्या कानाशी धरला असावा, कारण आता तिचा श्वास जवळून येत होता, साधा, सावकाश.

"थांब गं ताई जरा," भिंगरी कशीबशी म्हणाली. "रडतेय ना मी, मला काही दिसत नाहीये."